खो दे!

आपल्या मराठी भाषेने आपल्याच एका खेळाशी मोठी बेइमानी केली आहे, असे मला शिकवताना पुष्कळदा वाटते. वाक्प्रचारांचा तास असला की मी मुलांना विचारतो, ‘खो घालणे’ म्हणजे काय? मागच्या बाकावरूनसुद्धा उत्तर येते, ‘‘चालू कामात अडथळा आणणे, सर!’’ उत्तर बरोबर असते, पूर्ण गुणही द्यावे लागतात. पण मैदानावर खो म्हणजे अडथळा नव्हेच. पाठलाग करणारी दमली, किंवा पळणारी तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर गेली, म्हणजे ती खाली बसलेल्या आपल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून म्हणते, ‘खो!’ मी थांबते, आता तू धाव, एवढाच त्याचा अर्थ. अशा या शब्दाला आपण व्यवहारात आणले आणि त्याचे विघ्न करून टाकले. भाषा बनवणारे लोक बहुधा पळती करणाऱ्यांच्या बाजूचे असावेत!

हा खेळ न पाहिलेला मराठी वाचक विरळाच. तरी शहरात वाढलेल्या नव्या पिढीसाठी चार शब्द सांगतो. दोन टोकांना दोन खांब, मधे पाटी. पाटीवर आठजणी एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. हिने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारीला मात्र सगळे रान मोकळे. ती बसलेल्या मुलींमधून नागमोडी जाईल, गोल फिरेल, हुलकावणी देईल. म्हणजे नियमांचा सगळा काच पाठलाग करणारीला आणि मोकळीक पळणारीला. तरीही पळणारी अखेर बाद होते, कारण ती एकटी असते आणि पाठलाग करणाऱ्या नऊजणी असतात. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बसवायला घेतले आणि बडोद्याच्या मंडळींनी पुढे ते छापून काढले. त्याला ना बॅट लागते ना चेंडू. भुई लागते आणि पाय लागतात. परभणीसारख्या जिल्ह्यात या दोन गोष्टींची वाण कधीच नव्हती.

आमची आक्का हा खेळ खेळायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. गोदाकाठच्या आमच्या गावात शाळेचे मैदान म्हणजे खळ्यालगतचे एक पडीक रान. पावसाळ्यात तिथे काळी माती अशी चिकटायची की पायाला दोन-दोन शेर वजन यायचे, आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळून पाय धरायची. त्या मातीवर आक्का अनवाणी पळायची. परकराचा काचा मारून ती खांबापाशी उभी राहिली की वरच्या वर्गातली मुलेसुद्धा गप्प बसून पाहत. तालुक्याला शाळेचा संघ गेला तो आक्काच्या जिवावर. तिथून जिल्ह्याला निवड झाली. पण जिल्ह्याचे सामने होते वैशाखात, आणि वैशाखात आक्काचे लग्न होते. वडिलांनी तारीख काढताना शाळेला विचारले नाही आणि शाळेने सामन्यांची तारीख काढताना वडिलांना विचारले नाही. दोष कुणाला देणार? तेव्हा तसे वाटण्याचीही पद्धत नव्हती. दहावीचा निकाल तिला सासरी कळला.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षे होत आली. आक्काला दोन नातवंडे आहेत, गुडघे दुखतात, जिना चढताना कठड्याला धरते. १९ जानेवारी २०२५, रविवार. संक्रांतीची ती आमच्याकडे आलेली होती ती राहिलेली. संध्याकाळी टीव्हीवर दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधून खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना लागला होता. भारताच्या मुली विरुद्ध नेपाळच्या मुली. मैदानाला गादीचे निळे-तांबडे अस्तर, अंगावर चकचकीत कपडे, पायात बूट, आणि नियमही बरेच बदललेले. नवांच्या जागी सात खेळाडू, सात-सात मिनिटांच्या पाळ्या, आणि बुद्धिबळातून उचललेला ‘वजीर’. ह्या वजिराला म्हणे कोणत्याही दिशेला धावता येते. आक्काला ते काही पटले नाही. ‘‘माघारी फिरायची मुभा दिली तर मग खो कशाला द्यायचा?’’ ती म्हणाली. मला तिचा मुद्दा रास्त वाटला. पण पहिली पाळी सुरू झाली आणि ती सोफ्यावरून खाली सतरंजीवर येऊन बसली. पाठलाग करणारी जरा रेंगाळली की ओरडायची, ‘‘अगं खो दे! खो दे की! बसलीय ना ती मोकळी!’’ घरातले तिच्याकडेच पाहू लागले. पहिल्याच पाळीत आपल्या मुलींनी नेपाळला खाते उघडू दिले नाही. सामना ७८ विरुद्ध ४० असा सुटला.

चषक घेऊन उभी राहिली ती कप्तान प्रियंका इंगळे. निवेदकाने तिचे मूळ गाव सांगितले तेव्हा आक्का पुन्हा दचकली. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले कळंबअंबा. म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले. घर पुढे पिंपरी-चिंचवडकडे गेले, खेळ तिकडेच वाढला, हे खरे. पण मूळ मराठवाड्याचे. ‘‘बीडची हाय व्हय!’’ एवढेच आक्का म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्या चहात साखर दुप्पट पडली होती.

मी मराठीचा मास्तर. खेळांतले मला फारसे कळते असे नाही. पण त्या दिवसापासून एक चाळा लागला. आपल्या भागातल्या ज्या मुली खेळल्या त्यांचे पुढे काय झाले, हे मी जमेल तिथून वाचू लागलो. त्याला एक कारणही घडले, ते पुढे सांगतो.

प्रियंकेच्या आधी सारिका काळे. धाराशिव जिल्ह्यातली, तेव्हाचे उस्मानाबाद. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत भारतीय मुलींच्या खो-खो संघाने सुवर्णपदक घेतले. कप्तान सारिका. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो २२ वर्षांनी मिळत होता. त्याआधीचा १९९८ सालचा, कर्नाटकाच्या शोभा नारायण यांचा. पुरस्कार जाहीर झाल्यावर सारिकाने वार्ताहरांना जे सांगितले ते वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले होते. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकच वेळ जेवलो, असे ती म्हणाली होती. बरे जेवण मिळायचे ते शिबिराला किंवा सामन्यांना गेल्यावर. आई शिवणकाम करायची, वडिलांना फारसे कमावणे शक्य नव्हते, घर आजी-आजोबांच्या मिळकतीवर चालायचे. मैदानावर तिला प्रथम नेले ते तिच्या मामा-काकांपैकी एका खेळकर माणसाने, वयाच्या तेराव्या वर्षी. आणि ज्या २०१६ मध्ये तिने सुवर्णपदक घेतले त्याच वर्षी घरच्या ओढगस्तीपायी खेळ सोडायचा, असे तिने मनात घेतले होते. खोलीचे दार लावून बसली होती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला पुन्हा मैदानावर आणले. त्यांनी त्या दिवशी काय सांगितले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. आम्ही मास्तर लोक भाषणे फार करतो. दार उघडेल असे एखादे वाक्य आम्हाला क्वचितच सापडते.

आता ते कारण सांगतो. आमच्या महाविद्यालयात अकरावीला एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. मराठीत बेताची, इंग्रजीत त्याहून बेताची. पण खांबापाशी तिला वळताना पाहिले म्हणजे मला आक्का दिसते. विभागाच्या निवड चाचणीला तिचे नाव गेले आणि त्याच आठवड्यात तिचे वडील मला भेटायला आले. मोंढ्यात हमाली करणारा माणूस. डोक्याला रुमाल, पाठ थोडी वाकलेली, बोलणे अदबीचे. खुर्ची दिली तरी टोकावर बसले.

‘‘सर, पोरगी हुशार हाय मनता तुमी खेळात. आमाला बी बरं वाटतंय. पर एक इचारू का? खेळून पोट भरतंय का?’’

‘‘का हो भाऊ, असं का विचारता?’’

‘‘तसं न्हाई. एक स्थळ आलंय. पोरगा पुण्याला कंपनीत हाय. आमी गरीब मानसं. आज हाय ते स्थळ उद्या असंल का न्हाई, कुनी सांगावं?’’

त्यांना मी कायदा सांगू शकलो असतो. अठरा वर्षे पुरी व्हायला अजून अवकाश होता. तो मी सांगितलाही. त्यांनी मान हलवली. ती मान मी चांगली ओळखतो. ‘तुमचे खरे आहे पण तुम्ही आमच्या घरात राहत नाही’ असा तिचा अर्थ असतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली त्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात सुमारे ४८ टक्के निघाले होते. अवघ्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींच्या दोन रांगा धरल्या तर जवळजवळ एक रांग. ज्या गंगाखेडची जनाबाई साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, ते गंगाखेडही याच जिल्ह्यात. याच पट्ट्यातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे घरी वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न असतो आणि लग्न हे त्यांना सापडलेले उत्तर असते. उत्तर चुकीचे आहे. पण प्रश्न खोटा आहे असे मला म्हणवत नाही. पाठलाग करणारे नऊजण असतात, ते असे.

तेव्हा मुद्दा पोटाचा होता. खेळून पोट भरते का?

जगात इतरत्र काय चालले आहे हे पाहावे म्हणून मी मेक्सिकोपर्यंत जाऊन आलो. प्रत्यक्ष नव्हे, वाचनातून! तो देश फुटबॉलवेडा. १९७१ साली तिथल्या अ‍ॅझ्टेका मैदानावर बायकांच्या फुटबॉलचा एक विश्वचषक झाला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेची त्याला मान्यता नव्हती, पण अंतिम सामन्याला लाखावर माणूस जमला. डेन्मार्कने मेक्सिकोला तीन गोलांनी हरवले, आणि ते तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या एका पोरीने केले. सामन्याआधी मेक्सिकोच्या मुलींनी एवढेच म्हटले होते, की आमच्या जिवावर इतकी तिकिटे खपतात तर आम्हालाही काही द्या. मिळाले काही नाही. तशाच खेळल्या. पुढे मारिबेल दोमिंगेज म्हणून एक खेळाडू झाली. लहानपणी पोरांत खेळता यावे म्हणून ती मुलगा असल्याची बतावणी करायची. मोठेपणी, २००४ साली, सेलाया नावाच्या पुरुषांच्या एका क्लबाने तिला घ्यायचे ठरवले तर जागतिक संघटनेने परवानगी नाकारली. बायकांची स्वतःची व्यावसायिक साखळी मेक्सिकोत सुरू झाली ती २०१७ मध्ये. लाखभर प्रेक्षकांनंतर ४६ वर्षांनी! पण सुरू झाल्यावर वर्षभरातच अंतिम सामन्याला पन्नास हजारांहून अधिक लोक येऊ लागले. पहिल्या हंगामांत तर नियमच होता, की खेळाडू मेक्सिकोच्याच आणि बहुतेक तेविशीच्या आतल्या हव्यात. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या पोरी करारावर सह्या करून मैदानात उतरल्या. पगार सुरुवातीला अगदी तुटपुंजे, पण कागदावर ‘व्यवसाय : फुटबॉल’ असे लिहायची सोय झाली.

आपल्याकडे? २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत खो-खोची व्यावसायिक साखळी सुरू झाली. सहा संघ, दिव्यांचा झगमगाट. मला फार आनंद झाला होता. मग लक्षात आले की ती फक्त पुरुषांची. दुसरा हंगाम कटकला झाला, तोही पुरुषांचाच. कबड्डीत २०१६ साली बायकांच्या तीन संघांचा एक प्रयोग झाला. त्यातल्या एका संघाची कप्तान आपली अभिलाषा म्हात्रे होती. अंतिम सामना एका गुणाने सुटला, म्हणजे चुरस कमी होती असे कुणी म्हणू नये. पण प्रयोग तेवढ्यावरच राहिला. क्रिकेटची गोष्ट निराळी. २०२३ च्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. पण क्रिकेटचे गाडगे नेहमीच निराळ्या चुलीवर असते.

तरीही पोट भरत नाही असे नाही. आपल्याकडे खेळाडू मुलीचे पोट खेळाने भरत नाही, खेळामुळे मिळालेल्या नोकरीने भरते. रेल्वे, पोलीस, विमानतळ प्राधिकरण, सरकारी खाती. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. सारिका काळे तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली ती खेळाच्या जोरावर. विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या राज्यातल्या खेळाडूंना सरकारने प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. ते पाहून कर्नाटकाच्या दोन खेळाडूंनी आपल्या सरकारचे पाच लाख नाकारले. अर्थात जिथे गूळ तिथे मुंगळे. या पाच टक्क्यांसाठी कधी मैदान न पाहिलेल्यांनी बनावट प्रमाणपत्रे काढल्याची प्रकरणे याच मराठवाड्यात गाजली. ज्या पोरीने ढोपरे फोडून घेतली तिची जागा ज्याने फक्त शिक्का मिळवला त्याने घ्यावी, ह्याला काय म्हणावे? खो घालणे तो हाच. इथे मात्र वाक्प्रचार तंतोतंत बसतो.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. मेक्सिको वगळून. एक गोष्ट मी लपवली नाही. विश्वचषकाला पंधराजणीच जातात, सरकारी जागा मोजक्या असतात, आणि तालुक्याला चमकलेली प्रत्येक पोर सारिका होत नाही. मग त्यांनी विचारले, ‘‘मंग उपेग काय?’’ मी म्हणालो, ‘‘भाऊ, पोलीस भरतीत पोरींना आधी काय करावं लागतं?’’ ते म्हणाले, ‘‘पळावं लागतं.’’ ‘‘मग?’’ ते गप्प झाले. खिशातून तंबाखूची पुडी काढली, कुठे बसलो आहोत ते ध्यानात आले तशी परत ठेवली.

मी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर तीन नावे लिहून दिली. घरी पोरीला दाखवा, म्हटले. पहिले प्रियंका इंगळे. दुसरे सारिका काळे. तिसरे नाव खो-खोचे नव्हते, पण लिहिल्यावाचून राहवेना. ज्योती गवते. आपल्या परभणीची. ४२ किलोमीटरची मुंबईची मॅरेथॉन तिने २०१७ साली भारतीय महिलांत पहिली येऊन जिंकली, २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत. आणि पुढची तिन्ही वर्षे, २०१८, १९ आणि २०, ती दुसरी आली. तिन्ही वेळा पुढे सुधा सिंग, ऑलिंपिकला जाऊन आलेली धावपटू. २०१९ साली दुसरी येताना तिने पहिल्या नंबराच्या वर्षाहून पाच मिनिटे कमी घेतली होती, हे कुणी ध्यानात घेत नाही. बक्षीस नंबराला मिळते, मिनिटांना नाही. मला स्वतःला तिच्या विजयापेक्षा ती तीन दुसरी वर्षे मोठी वाटतात. दरवर्षी पहाटे उठून तेवढेच पळायचे, माणूस पुढे दिसत असताना.

त्यांनी कागद वाचला. वाचता येते त्यांना, सातवीपर्यंत शिकले आहेत. दोन नावांवरून बोट पुढे गेले आणि तिसऱ्यावर थांबले.

‘‘ही परभणीची?’’

‘‘परभणीचीच.’’

‘‘आपल्यासारख्याच घरची आसंल?’’

‘‘बंगल्यातली नाही एवढं नक्की.’’

कागदाची चौघडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात, हमालीच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवली. स्थळाचे काय करणार ते बोलले नाहीत. मीही विचारले नाही. दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि वळून म्हणाले,

‘‘सर, चाचनी कितीला हाय? न्हाई, पोरीसंगं मी बी येतो मनतो. पहाटंची गाडी आसंल तर आदल्या दिवशी मोंढ्यात सांगावं लागतंय.’’